‘जेव्हा माणूस जागा होतो’ : मजुरीचा हिशेब आणि रानाचा हिशेब

गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले व १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठीत त्याचा विचार प्रायः दोन अंगांनी होतो. एक अंग वाङ्मयाचे : निवेदनाचा साधेपणा, प्रत्यक्ष अनुभवाचे बळ, आणि एका सुशिक्षित शहरी स्त्रीने वारल्यांच्या झोपड्यांतून काढलेल्या दिवसांची हकीकत. दुसरे अंग राजकीय इतिहासाचे : किसान सभेची संघटना, लाल बावटा, गोळीबार, हद्दपारी. दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत. तथापि या दोहोंच्या मध्ये एक तिसरे अंग आहे आणि त्याकडे टीकाकारांचे लक्ष क्वचितच गेले आहे. हे पुस्तक ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेसंबंधीचे पुस्तक आहे; गवत, लाकूड, भात आणि मनुष्यबळ यांचे मोल कोण ठरवितो, या प्रश्नाभोवती त्यातील जवळजवळ प्रत्येक प्रसंग फिरतो. त्या दृष्टीने ते वाचले म्हणजे त्याचे सामर्थ्य अधिक स्पष्ट होते आणि त्याची मर्यादाही दिसू लागते. ही मर्यादा केवळ एका पुस्तकाची असती तर तिची चर्चा करण्याचे फारसे प्रयोजन नव्हते. पण तीच मर्यादा पुढे मुरबाड–शहापूरच्या धरणांच्या नुकसानभरपाईत पुनः भेटते, म्हणून ती नीट तपासली पाहिजे.

चळवळीचा आरंभ कल्याण तालुक्यात झाला, ही गोष्ट सहसा विसरली जाते. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. तिला उंबरगाव तालुक्यातून मोजकेच वारली आले होते; माह्या धांगडा हे त्यांपैकी एक. त्यांच्या मार्फत परुळेकर पतिपत्नींचा उंबरगाव–डहाणूच्या आदिवासी भागाशी संबंध जुळला. मे १९४५ मध्ये त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करावयाची नाही, लग्नगडी म्हणून राबावयाचे नाही, जमीनदाराच्या खाजगी शेतावर रोजी बारा आणे रोख मिळाल्याखेरीज जावयाचे नाही, असे ठरले. ऑक्टोबरात गवतकापणीचा संप झाला. ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये, ही त्याची मागणी होती. त्याच महिन्यात तलवाडा येथे पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड व आणखी चार आदिवासी ठार झाले. पुढच्या वर्षी जंगलकामाचा संप झाला. घटनांचा सांगाडा एवढाच आहे.

या सांगाड्यात महिने महत्त्वाचे आहेत. मे आणि ऑक्टोबर हे योगायोगाने आलेले महिने नव्हेत.

वेठ म्हणजे फुकट काम, एवढी व्याख्या अर्थशास्त्राला पुरत नाही. तेवढीच व्याख्या धरली तर वेठीने झालेले नुकसान म्हणजे बुडालेली मजुरी, आणि मजुरी चुकती केली की नुकसान भरून निघाले, असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः ठाण्याच्या भातशेतीत सर्व दिवस सारख्या किमतीचे नसतात. मृगाचा पाऊस पडला म्हणजे नांगर धरावयाचा. आवण तयार झाले म्हणजे आवणी करावयाची. चिखल आहे तोवर रोप लावून संपवावयाचे. हे दिवस थोडे असतात आणि सर्वांचे एकाच वेळी येतात. जमीनदाराची खाजगी शेती आणि कुळाचे खंडाने घेतलेले खाचर या दोहोंवर पाऊस एकाच दिवशी पडतो. पहिला दिवस कोणाचा, एवढाच काय तो प्रश्न असतो. आणि वेठीच्या रूढीने त्याचे उत्तर कायमचे देऊन ठेवलेले होते. कुळाचे बैल व कुळाची माणसे प्रथम मालकाच्या शेतावर जात, मग स्वतःच्या. उशिरा लावलेल्या रोपाला पीक कमी येते. ते कमी आले तरी खंड ठरलेला, म्हणून घरात धान्य कमी. पुढच्या पावसाळ्यात खावटी काढणे आले. खावटी फिटली नाही की पुनः वेठ. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने वर्षानुवर्षे सावकाराच्या घरी राबण्याची लग्नगड्याची पद्धत हा याच चक्राचा शेवटला फेरा. अशा रीतीने वेठीच्या एका दिवसाची खरी किंमत त्या दिवसाच्या मजुरीच्या कितीतरी पट होती, कारण त्या दिवसाबरोबर पाऊसही जात होता.

झरीची परिषद मे महिन्यात झाली, म्हणजे पेरणीच्या तोंडावर. वेठ बंद करण्याचा ठराव त्यानंतर महिन्याभराच्या आतच कसोटीस लागणार होता. परिषदेचा परिणाम पुढच्या पावसाळ्यातच दिसला याचे रहस्य वक्तृत्वात जितके आहे तितकेच या पंचांगात आहे.

ऑक्टोबरचा संप हा याच व्यवहाराचा उलटा डाव होय. आश्विन–कार्तिकात रानातले गवत तयार होते. ते वेळेवर कापले नाही तर वाळून उभे राहते, कस जातो, वणवा लागला तर राखच होते. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत ठाण्याच्या किनारपट्टीतून रेल्वेने जात असे. गासड्या बांधून स्थानकावर पोहोचविण्याची घाई जमीनदार आणि व्यापारी यांना होती. ज्येष्ठात घाई कुळाची असते, तेव्हा मालक थांबू शकतो. आश्विनात घाई मालकाची असते, तेव्हा मजूर थांबू शकतो. वेठीने ज्येष्ठाची घाई मालकाच्या पदरात टाकली होती. संपाने आश्विनाची घाई मजुराच्या पदरात टाकली. पुस्तकाच्या नावातील ‘जागा होणे’ या क्रियापदाचा अर्थ टीकाकार नैतिक अंगाने लावतात. भीती गेली, माणूस ताठ उभा राहिला, इत्यादि. ते खरेच आहे. पण त्या जागृतीचे एक फार व्यावहारिक अंग असे आहे की, ज्यांच्या श्रमाला तोवर मापच नव्हते त्यांनी ५०० पौंडांचे माप आणि अडीच रुपयांचा दर मागितला. ज्याला माप नाही त्यावर तंटा होऊ शकत नाही. वेठीला माप नव्हते हेच तिचे बळ होते. बाईंच्या लेखनात तराजू, दर आणि आणे-पै यांचा जो वारंवार उल्लेख येतो तो काही वाचकांना रूक्ष वाटतो. तो रूक्षपणा नव्हे. पुस्तकाचा कणा तोच आहे.

येथपर्यंत पुस्तकाचे श्रेय निर्विवाद आहे. १९३७ साली मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांनी आदिवासींच्या स्थितीवर जो अहवाल सादर केला त्यातही कर्ज, वेठ व जमीनदारांची दंडेली यांचे वर्णन आहे आणि ते निर्भीड आहे. पण अहवालातील वारली हा चौकशीचा विषय आहे, हिशेब करणारा नाही. परुळेकरांच्या पुस्तकात तो हिशेब करू लागतो. दोन ग्रंथांतील हा फरक भाषेचा नसून दृष्टीचा आहे.

आता मर्यादेकडे वळावे. मजुरीचा दर वाढला, तरी गवत गवतच राहिले. ते ज्या जमिनीवर उगवत होते ती पूर्वी कोणाची होती, तेथे गवताऐवजी नागली किंवा वरी का पिकू नये, हा प्रश्न मजुरीच्या तक्रारीत मावत नाही. जंगलकामाच्या संपातही असेच झाले. मागणीचा रोख ठेकेदाराकडे होता. ठेकेदाराने कूप ज्याच्याकडून लिलावात घेतले तो धनी, म्हणजे सरकार, वादात धनी या नात्याने आलाच नाही. तो आला तो पोलिसांच्या रूपाने. झाड तोडण्याची मजुरी किती, हे संपाने विचारले. झाड कोणाचे, हे विचारण्यास अवकाश नव्हता. लढ्याच्या धामधुमीत लिहिलेल्या पत्रकाविषयी अशी तक्रार करणे अन्यायाचे ठरेल. परंतु हे पुस्तक घटनांनंतर पाव शतकाने आले. त्या अवधीत कूळकायदा झाला होता, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन होऊन गेला होता, आणि शेजारच्याच तालुक्यात या प्रश्नाचे एक निराळे उत्तर शोधण्यात आले होते.

ते शेजारचे उदाहरण पारडीचे. उंबरगावला लागून असलेल्या, पूर्वीच्या सुरत जिल्ह्यातील पारडी तालुक्यात १९५३ च्या सप्टेंबरात ईश्वरभाई देसाई व अशोक मेहता यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तेथील आदिवासीही गवत कापणारेच होते, तेथील गवतही मुंबईस जात होते, आणि तेथील जमीनदारही शेतीपेक्षा गवत सोयीचे म्हणून जमीन घासिया ठेवीत होते. गवताला ना कूळ लागते, ना नांगर. पारडीच्या सत्याग्रहींनी कापणीचा दर वाढवून मागितला नाही. या जमिनीत अन्न पिकले पाहिजे, असे म्हणून ते नांगर घेऊन कुरणात उतरले. हा लढा १९६७ पर्यंत चालला. उंबरगाव व पारडी यांच्यामध्ये पायी चालण्याइतके अंतर आहे. एका ठिकाणी श्रमाचे मोल मागितले गेले, दुसऱ्या ठिकाणी जमिनीच्या वापराचा निर्णय मागितला गेला. यांत श्रेष्ठ कोणते याचा निवाडा येथे करावयाचा नाही. वेठीतून नुकत्याच सुटलेल्या माणसाने प्रथम मजुरी मागावी हे स्वाभाविकच होते. मात्र ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचताना पारडी मनात असली म्हणजे पुस्तकातील माणूस जागा झाला तो मुख्यतः मजूर म्हणून, शेतकरी किंवा रानाचा रहिवासी म्हणून कमी, हे ध्यानात येते.

रानाचा रहिवासी म्हणून त्याचा हिशेब निराळा असतो, आणि तो ठाणे जिल्ह्यात बराच जुना आहे. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या तेव्हा येथील शेतकऱ्यांचे पहिले गाऱ्हाणे मजुरीचे नव्हते, राबाचे होते. भाताचे रोप ज्या वाफ्यात करावयाचे त्यावर झाडांचे टहाळे, शेण, गवत व माती यांचे थर देऊन ते उन्हाळ्याच्या अखेरीस भाजावयाचे, ही राबाची पद्धत. भाजल्याने तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, राखेचे खत मिळते, आणि पहिल्या पावसाबरोबर रोप जोमाने उठते. टहाळ तोडण्यास रान पाहिजे. म्हणून ठाणे–कुलाब्याकडील भातजमिनीच्या मागे डोंगरउताराची वरकस जमीन असे, आणि महसुली दप्तरातही तिचा स्वतंत्र वर्ग होता. खाचर आणि वरकस मिळून एक शेत होते. त्यांपैकी एक तोडले तर दुसरे अर्धे होते. जंगलखात्याला मात्र टहाळ तोडणे म्हणजे झाडाची नासाडी वाटली. गाऱ्हाणी इतकी वाढली की १८८५ साली सरकारला मुंबई इलाख्याचे जंगल कमिशन नेमावे लागले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी हाच त्याचा मुख्य विषय होता. त्याचा अहवाल १८८७ चा आहे.

पुस्तकाचा काळ व या कमिशनचा काळ यांत साठ वर्षांचे अंतर आहे. या साठ वर्षांत वरकस जमिनीचा मोठा भाग जमीनदारांकडे व रानाचा मोठा भाग सरकारकडे गेला, आणि टहाळ मागणारा शेतकरी मजुरी मागणारा वेठबिगार झाला. पुस्तक ज्या माणसाची भेट घडविते तो या घसरणीच्या शेवटच्या पायरीवरचा आहे. ती पायरी लेखिकेने जितक्या जवळून पाहिली तितकी मराठीत दुसऱ्या कोणी पाहिली नाही. वरच्या पायऱ्या मात्र तिच्या कथनात अंधुक राहतात. याचे एक कारण कथनाच्या रचनेत आहे. पुस्तक सभेपासून सभेकडे व संपापासून संपाकडे चालते. संपाचे पंचांग आश्विनात सुरू होते आणि जंगलातील कूप चालू असेतोवर टिकते. राब भाजण्याचे चैत्र–वैशाख, कंदमुळांवर काढलेला आषाढ, बायकांनी डोकीवरून आणलेले पाणी आणि बाजारात विकलेल्या मोळ्या हे त्या पंचांगाच्या बाहेर पडतात. त्या श्रमाला ठेकेदार नाही, म्हणून दर नाही, म्हणून संपही नाही. लेखिका स्वतः स्त्री असताना हा भाग कथनाच्या कडेला राहावा, हे थोडे नवलाचे वाटते. पण चळवळीच्या चौकटीने तसे घडविले असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल.

हा सर्व विचार केवळ ग्रंथसमीक्षेपुरता राहत नाही, कारण ठाणे जिल्ह्याकडून मुंबई व तिची उपनगरे जे घेतात त्या वस्तू बदलल्या, घेण्याची रीत फारशी बदलली नाही. पूर्वी गवत व लाकूड जात असे. पुढे पाणी जाऊ लागले. शहापूर तालुक्यातील तानसा तलाव १८९२ चा, वैतरणेवरील मोडकसागर १९५७ चा, भातसा त्यानंतरचा. ज्या तालुक्यात हे जलाशय आहेत त्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट आता इतकी परिचित झाली आहे की तिचे वैचित्र्यही जाणवेनासे झाले आहे. कल्याण–डोंबिवली महानगरपालिका १९८३ साली झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या जवळपास होती. तिला व तिच्या शेजारच्या नगरांना आणि डोंबिवलीच्या कारखान्यांना लागणाऱ्या पाण्याचा मोठा आधार म्हणजे १९७२ चे बारवी धरण. ते बांधले औद्योगिक विकास महामंडळाने.

बारवीची उंची पुढे टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली आणि मुरबाड तालुक्यातील आणखी काही गावे-पाडे पाण्याखाली आले. अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर बाधित कुटुंबांतील एकास नोकरी देण्याचा निर्णय झाला, आणि त्या नोकऱ्या महामंडळात व धरणाचे पाणी घेणाऱ्या नगरसंस्थांत देण्यात आल्या. परुळेकरांच्या पुस्तकाच्या मापाने पाहिले तर हा मोठा विजय आहे. ज्या कुटुंबाच्या आजोबांना बारा आणे रोजासाठी मार खावा लागला असता त्याच्या नातवाला महापालिकेत पगार मिळतो, हे क्षुल्लक नव्हे, आणि जे त्यास क्षुल्लक म्हणतात त्यांनी स्वतः पगारावाचून एक पावसाळा काढून पाहावा. परंतु नोकरी एकाला मिळते. वरकस, कुरण, मोळी, मासे, पाणवठा यांवर घरातील सर्वजण जगत होते, आणि ज्यांच्या नावे सातबाऱ्यावर काही नाही असेही जगत होते. नोकरी एका पिढीत संपते. रानाला निवृत्तीचे वय नसते. नुकसानीचे रूपांतर वेतनात केले की हिशेब सुटसुटीत होतो, पण ज्याचे मोजमाप पूर्वी झाले नव्हते ते वेतनातही मोजले जात नाही. वेठीच्या दिवसाबरोबर पाऊसही जात होता आणि तो बारा आण्यांत धरलेला नव्हता. येथेही तसेच घडते.

नगरे जेव्हा पाण्याऐवजी गावेच घेतात तेव्हा हा दोष आणखी उघडा पडतो. कल्याण–डोंबिवलीभोवतीची २७ गावे १९८३ साली महापालिकेत आली, २००२ साली वगळली गेली, २०१५ साली पुनः घेतली गेली. २०२० साली त्यांतील १८ गावे वगळण्याचा शासनाचा निर्णय उच्च न्यायालयाने रद्द ठरविला. या येण्याजाण्याची चर्चा कर, बांधकाम परवाने व निवडणुका यांच्या भाषेत झाली. गुरचरण, गावतळे, खाडीकाठची खारजमीन यांचे गावाच्या निर्वाहात काय स्थान होते, हा प्रश्न त्या वादात क्वचितच कोणी उच्चारला.

टिटवाळा आज महापालिकेच्या हद्दीत आहे. १९४५ ची परिषद जेथे भरली त्या गावाजवळून काळू नदी वाहते, आणि तिच्याच वरच्या अंगाला, मुरबाड तालुक्यात, महानगर प्रदेशाच्या पाण्यासाठी काळू धरणाची योजना आखण्यात आली. तिच्यात सुमारे एक हजार हेक्टर वनजमीन जावयाची होती. आवश्यक वनमंजुरीपूर्वीच काम सुरू झाले, असा आक्षेप घेऊन श्रमिक मुक्ती संघटनेने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ साली न्यायालयाने काम थांबविले. या वादाचे वैशिष्ट्य असे की त्यात मजुरीचा किंवा मोबदल्याचा दर हा मुख्य मुद्दा नव्हता. रान कोणाचे व त्याविषयी ग्रामसभेला विचारले होते काय, हा होता. १८८५ चे गाऱ्हाणे निराळ्या कायद्याच्या आधाराने पुनः उभे राहिले होते. तो कायदा म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या नियमांखाली वैयक्तिक दाव्याचा अर्ज वेगळा आणि सामूहिक दाव्याचा वेगळा आहे. पहिल्यात कसलेल्या जमिनीचे क्षेत्र लिहावयाचे असते. दुसऱ्यात गौण वनोपज, चराई, मासेमारी आणि पाण्याचे साठे यांची नोंद गावाच्या नावाने करावयाची असते.